लाल पुस्तकाचे प्रवर्तक सर पीटर स्कॉट

एखादी प्रजाती नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, हे कशाच्या आधारे ठरवायचे? हवामान बदलामुळे ऐरणीवर आलेल्या या प्रश्नाच्या उत्तराचा पाया घालणाऱ्यांत ब्रिटिश पक्षितज्ज्ञ व चित्रकार सर पीटर स्कॉट यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडन येथे झाला. वडील कॅप्टन रॉबर्ट स्कॉट १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्युमुखी पडले. मुलाला निसर्गाची गोडी लागावी, अशी इच्छा त्यांनी पत्नीला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात व्यक्त केली होती. ती पूर्ण झाली, पण आडवाटेने. केंब्रिजमध्ये शिकताना पीटर पाणपक्ष्यांचे निष्णात शिकारी होते. ते पक्षी त्यांच्या चित्रांत उतरले आणि कालांतराने बंदूक सुटली. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी शिडाच्या नौकांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते.

१९४६ मध्ये त्यांनी सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था स्थापन केली. हवाई बेटांवरील नेने हा हंसकुळातील पक्षी तेव्हा जेमतेम काही डझन उरला होता. १९५० मध्ये स्लिमब्रिजला आणलेले दोन्ही पक्षी माद्या निघाले आणि नर नव्याने मागवावा लागला. पुढे तेथे वाढलेले नेने हवाईत सोडण्यात आले.

१९६१ मध्ये ते जागतिक वन्यजीव निधीचे एक संस्थापक झाले. संस्थेचे पांडाचे बोधचिन्ह त्यांनीच रेखाटले. १९६३ पासून त्यांनी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या प्रजाती आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. याच काळात रेड डेटा बुक आकाराला आले. नवी माहिती मिळताच बदलता यावीत, म्हणून त्याची पाने सुटी ठेवली होती. अतिसंकटग्रस्त प्रजातींसाठी गुलाबी, तर सावरलेल्यांसाठी हिरवी पाने होती.

मात्र त्या नोंदी बव्हंशी तज्ज्ञांच्या अंदाजावर विसंबून होत्या. स्कॉट यांचे १९८९ मध्ये निधन झाले. त्यानंतर १९९४ मध्ये संघाने संख्यात्मक निकष स्वीकारले. दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा, त्यात संख्या किती घटली वा घटेल, हे त्यात पाहिले जाते. हवामानाचा धोका मोजताना हे ‘घटेल’ महत्त्वाचे ठरते. ध्रुवीय अस्वल २००६ मध्ये असुरक्षित गटात गेले, ते समुद्रातील बर्फ पुढे किती आक्रसेल, याचा विचार करूनच.

अशा मोजणीतील अडचण स्लिमब्रिजलाच दिसते. स्कॉट यांनी १९६४ पासून तेथे हिवाळ्यात येणाऱ्या ब्यूइक हंसांची नोंद चोचीवरील पिवळ्या-काळ्या खुणांवरून ठेवली. पुढे तेथील हंस घटले. सौम्य हिवाळ्यामुळे अनेक हंस युरोपच्या मुख्य भूमीवरच थांबू लागले, हे त्याचे एक कारण. पण एकूण संख्याही १९९५ मधील सुमारे २९ हजारांवरून २०१० मध्ये १८ हजारांवर आली होती. स्थलांतराचा बदल आणि खरी घट वेगळी काढायची, तर अनेक देशांत एकाच वेळी मोजणी करावी लागते.

मोजणीनंतर कृती न झाल्यास काय होते, हे ऑस्ट्रेलियातील ब्रॅम्बल के बेटावरील मेलोमिस या उंदरासारख्या प्राण्याने दाखवले. तो अतिसंकटग्रस्त असल्याची नोंद यादीत आधीच होती. २००९ नंतर तो दिसला नाही. वाढत्या समुद्राने बेटावरील वनस्पती नष्ट केल्या होत्या. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने त्याला नामशेष जाहीर केले.