कुरुंदवाडच्या कीर्तनाचा वारसा : पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

होटगी जंक्शनवरून एक लोहमार्ग सोलापूरकडे, तर दुसरा विजापूर, बागलकोट, गदगच्या दिशेने जातो. मराठी अभंग आणि कन्नड वचने या भागात एकाच गल्लीत ऐकू येतात. घरात गाणे असणे म्हणजे काय, हे अशा गावातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. पूजेच्या वेळी वडीलधाऱ्यांच्या मागे उभे राहून त्यांच्या सुरात सूर मिळविण्याचा प्रयत्न आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. पुढे बहुतेकांचे ते गाणे तेथेच थांबते. काहींच्या बाबतीत मात्र बालपणी कानावर पडलेला तो सूर साऱ्या आयुष्याची दिशा ठरवितो. संगीत सर्वसामान्यांच्या घरापर्यंत पोहोचविणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर हे अशा भाग्यवंतांपैकी एक होते. त्यांच्या वाट्याला आलेले भाग्य मात्र साधे नव्हते, हेही प्रारंभीच सांगितले पाहिजे.

कुंभोज येथील बाहुबली क्षेत्राच्या दर्शनास गेलेल्या अनेक यात्रेकरूंनी पुढे शिरोळ तालुक्यातून प्रवास केलेला असेल. कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमाजवळचा तो सुपीक मुलूख. दत्तस्थान म्हणून प्रसिद्ध असलेली नरसोबाची वाडी तेथेच आहे आणि तिच्याजवळच कुरुंदवाड हे गाव आहे. कुरुंदवाड हे त्या काळी पटवर्धन घराण्याचे छोटे संस्थान होते. दिनांक १८ ऑगस्ट १८७२ रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, या गावी विष्णूचा जन्म झाला. या कुटुंबाचे मूळ आडनाव गाडगीळ. परंतु पूर्वज सांगलीजवळच्या पलूस गावचे असल्याने पुढे पलुस्कर हेच नाव रूढ झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते आणि त्यांना संस्थानचा आश्रय होता.

वडील कीर्तनकार असणे, ही या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे असे आम्हांस वाटते. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात निरूपण असते आणि उत्तररंगात आख्यान. अभंग, आर्या, साकी, दिंडी असे नाना प्रकार त्यात येतात. रागाची ओळख हवी, तालाचा भरवसा हवा, शब्दांचे उच्चार शेवटच्या ओळीत बसलेल्या वृद्धेलाही कळावयास हवेत. दोन-तीन तास उभे राहून आवाज टिकवावा लागतो. समोरचा श्रोता सरदार असो वा शेतकरी, त्याला कथेत धरून ठेवावे लागते. कीर्तनकाराच्या घरातील मुलाला हे सारे कोणी मुद्दाम शिकवीत नाही. त्याच्या कानावर पहाटे रियाज पडतो, दुपारी पाठांतर पडते आणि रात्री तो वडिलांच्या मागे झेलकऱ्यांजवळ बसून पेंगत पेंगत ताल धरतो.

याहूनही मोठी गोष्ट या मुलाच्या नजरेस पडली असणार. कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो ती नारदाची गादी मानली जाते. तेथे उभ्या असलेल्या माणसास वयाने, धनाने, अधिकाराने मोठी असलेली माणसेही नमस्कार करतात, त्याला हार घालतात, बुक्का लावतात. गाणाऱ्या माणसापुढे लोक हात जोडतात, हे दृश्य विष्णूच्या बालपणी नित्याचे होते. त्याच काळात इतरत्र गवयाची अवस्था काय होती? दरबारात बोलावणे आले म्हणजे जावे, धन्याची मर्जी असेपर्यंत गावे, मिळेल ती बिदागी घ्यावी. प्रतिष्ठित घरांत गाणे शिकणे हे मुलांना बिघडविणारे मानले जाई. मुलींना तर त्याची वाटही बंद होती. कीर्तनकाराचा मान आणि गवयाची उपेक्षा या दोहोंमधील अंतर विष्णूला पुढे चांगलेच कळणार होते.

बालवयातच घाला पडला. नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट होऊन विष्णूच्या चेहऱ्यास व डोळ्यांस इजा झाली. दृष्टी अधू झाली आणि शाळेचे शिक्षण थांबले. हुशार मुलाने शिकून संस्थानात नोकरी धरावी, ही त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातील सरळ वाट बंद झाली. उपचारासाठी त्याला मिरजेस नेण्यात आले. तेथील डॉक्टर भडभडे यांनी त्याच्या गळ्यातील गुण ओळखून त्याला संगीताकडे वळविण्याचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. डोळे गेल्यावर कान उरले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या मुलाच्या कानावर जन्मापासून काहीच पडलेले नाही, त्याला हा सल्ला कोणी दिला असता? कुरुंदवाडच्या ओसरीवरील ते ऐकणे मिरजेत कामास आले.

मिरज म्हटले की आज आपणांस तेथील तंबोरे व सतारी आठवतात. त्या काळी तेथे गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे वास्तव्य होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. गाण्यासाठी स्वतः बुवांनी तरुणपणी घर सोडून दूर जाऊन कष्ट सोसले होते. साहजिकच शिष्याकडूनही ते तशाच कष्टांची अपेक्षा करीत. मिरजेच्या संस्थानिकांनी विष्णूच्या निर्वाहाची व्यवस्था केली आणि शिक्षण सुरू झाले. गुरुगृही राहावे, सेवा करावी, गुरूची इच्छा होईल तेव्हा तालीम घ्यावी, अशी ही पद्धत होती. लिहून घ्यावयास स्वरलिपी नाही, शिक्षणास ठरलेला काळ नाही, आज काय शिकविले जाईल याचा नेम नाही. विष्णूने अनेक वर्षे ही साधना निष्ठेने केली. आपण पुढे शाळा काढली तर ती अशी नसेल, हा विचार त्याच्या मनात याच वर्षांत रुजला असावा.

मिरजेतील एक प्रसंग चरित्रकार आवर्जून सांगतात. एका सार्वजनिक समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले. तो संस्थानिकांच्या कृपेतील म्हणून. त्याच्या गुरूंना मात्र आले नाही. विचारणा करता, गवयांना अशा समारंभास बोलावण्याचे कारण नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. दुसऱ्या कोणास हे कदाचित लागले नसते. ती रीतच होती. परंतु या तरुणाने वडिलांपुढे गावकऱ्यांना नतमस्तक होताना पाहिले होते. तोच षड्ज, तेच राग. मग एकाला हार आणि दुसऱ्याला उपेक्षा का? हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदे असा प्रवास करीत ते सौराष्ट्रात पोहोचले. तोवर गाणे राजवाड्यात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात चाले. पलुस्करांनी तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर मैफल केली. आज हे आपणांस क्षुल्लक वाटते. पण तिकीट काढणारा श्रोता हा कोणाच्या मेहरबानीने आलेला नसतो आणि गाणाराही कोणाच्या मेहरबानीने गात नसतो. कीर्तनात जो आरतीच्या तबकात यथाशक्ती पैसा टाकतो, त्याचेच हे नवे रूप म्हणावे लागेल. भगवान नेमिनाथांची निर्वाणभूमी म्हणून आपणां सर्वांस वंदनीय असलेल्या गिरनार पर्वतावरही ते गेले. तेथे भेटलेल्या एका साधूने त्यांना उत्तरेकडे, पंजाबकडे जाण्यास सांगितले, अशी कथा त्यांच्या चरित्रात येते. पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर या मार्गाने ते लाहोरला गेले.

५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. कोणा राजाच्या तिजोरीवर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीतशाळा होती. अपरिचित प्रांत, परकी भाषा, अधू दृष्टी आणि गाणे शिकविणाऱ्या शाळेत मुले पाठविण्यास नाखूश असलेले पालक, अशा स्थितीत सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेले तास, परीक्षा आणि छापील पुस्तके असा सर्व थाट त्यांनी उभा केला. स्वतःची स्वरलिपी तयार केली, अनेक क्रमिक पुस्तके लिहिली, संगीतविषयक मासिक चालविले. बंदिशींतील उत्तान शृंगाराचे शब्द काढून तेथे भक्तीचे शब्द घातले. यामुळे जुन्या चिजांचे मूळ रूप हरवले, अशी टीका काही जाणकारांनी केली आहे आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु मुलीला गाणे शिकवू की नको अशा विवंचनेत असलेल्या बापाच्या हाती हे पुस्तक पडत असे, हेही विसरता येत नाही.

त्यांचा उपदेशक वर्ग हा तर एक स्वतंत्र विषय आहे. निवडक मुलांना नऊ वर्षांच्या कराराने ते आपल्याजवळ ठेवीत. त्यांचे जेवणखाण, वस्त्रे, शिक्षण हे सर्व संस्थेकडे असे. शिकून तयार झालेल्या या शिष्यांनी गावोगावी जाऊन संगीत शिकवावे, ही अपेक्षा असे. शिस्त कडक होती, काहीशी जाचकही असावी. मात्र पंडित ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे अशी माणसे या घरात तयार झाली. खरे पुढे महात्माजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि तेथील प्रार्थनेला त्यांनी सूर दिला. रामधुनीची जी चाल पुढे देशभर गेली, ती पलुस्करांची. शिष्य मोठे गवई झाले नाहीत तरी चालेल, पण चांगले ऐकणारे घरोघरी तयार झाले पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती. श्रोत्यावाचून कीर्तन नाही, हे त्यांनी घरीच पाहिले होते.

१९०८ मध्ये मुंबईत महाविद्यालय सुरू झाले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून त्यांचा वंदे मातरम् चा खडा स्वर ऐकू येऊ लागला. विद्यालयासाठी मोठी इमारत बांधण्यात आली आणि तिच्यापायी कर्जाचा डोंगर झाला. पंडितजी मैफली करून हप्ते फेडीत राहिले, पण हिशेब जुळला नाही. अखेर १९२० नंतरच्या काही वर्षांत इमारत लिलावात गेली. धर्मादाय संस्था चालविणाऱ्या मंडळींनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. ध्येय निर्मळ असले तरी सावकाराचे व्याज थांबत नाही.

याच सुमारास त्यांची वृत्ती पालटली. राग-ख्यालाची मैफल मागे पडली आणि रामनामाचा ध्यास लागला. भगवी वस्त्रे धारण करून ते नाशिकला राहू लागले व तेथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. तुलसी-रामायणावरील त्यांच्या प्रवचनांना मोठी गर्दी होत असे. निरूपण आणि गायन दोन्ही त्यात असे. काही अभ्यासकांना ही एका मोठ्या गवयाची माघार वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. वयाच्या पन्नाशीत सर्वस्व गेल्यावर त्यांना आधार वाटला तो वडिलांच्या गादीचाच. उभे राहून कथा सांगणे आणि मध्येच पद आळवणे, हे त्यांना कोणत्याही गुरूकडे शिकावे लागले नव्हते.

घरातील दुःखे याहून मोठी होती. पत्नी रमाबाई आणि ते यांना झालेली अनेक अपत्ये बालपणीच दगावली. १९२१ मध्ये जन्मलेला एक मुलगा तेवढा जगला. त्याचे नाव दत्तात्रेय ठेवण्यात आले. ज्या दैवताच्या उत्सवात वडिलांची दृष्टी गेली, त्याच दैवताचे हे नाव. या कुटुंबाच्या श्रद्धेविषयी अधिक काय सांगावे? या मुलाला गाणे शिकविण्यास मात्र वडिलांना पुरेसा अवधी मिळाला नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे पंडितजींचे निधन झाले, तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. शेकडो परक्या मुलांना घडविणाऱ्या बापाचा स्वतःचा मुलगा पोरका झाला.

येथे शिष्य पुढे आले. त्याच वर्षी अहमदाबाद येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षांना आपल्या भागातील मुले-मुली बसतात, त्या याच मंडळाच्या. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढले. गुरुपुत्राच्या शिक्षणाची जबाबदारी विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि घरातील चिंतामणराव पलुस्कर यांनी उचलली. एरवी बापाकडून मुलाकडे जाणारे गाणे येथे शिष्यांच्या हातून फिरून पुन्हा घरी आले. १९३५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, दत्तात्रेयाने जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायन केले; ज्या पंजाबात वडिलांनी पहिली शाळा काढली, त्याच पंजाबात.

दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांनाही दीर्घायुष्य लाभले नाही. १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी अमीर खाँ यांच्यासमवेत ‘बैजू बावरा’ या १९५२ च्या चित्रपटासाठी गायन केले होते आणि तुलसीदास व मीराबाई यांच्या पदांच्या ध्वनिमुद्रिकाही दिल्या होत्या. त्या आजही ऐकावयास मिळतात. त्यांतील शब्दांचे स्वच्छ उच्चार, अकारण तान न घेण्याचा संयम आणि पदाचा अर्थ आधी श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याची ती सवय कुरुंदवाडच्या दिगंबर गोपाळांची आहे. नातवाने आजोबांचे कीर्तन वडिलांच्या शिष्यांकडून शिकून घेतले होते.