निकी हॉपकिन्स : ध्वनिमुद्रिकांमागचे पियानोवादक

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९६७ मधील ‘शीज अ रेनबो’ या गीताच्या प्रारंभी पियानोची नाजूक, झुळझुळती सुरावट ऐकू येते. हे गीत जगभर पोहोचले. मात्र ही सुरावट वाजवणारे निकी हॉपकिन्स त्या वृंदाचे सदस्य नव्हते. ध्वनिमुद्रणापुरते बोलावले जाणारे आणि ठरलेले मानधन घेऊन परतणारे ते ‘सेशन’ वादक होते.

हॉपकिन्स यांचा जन्म २४ फेब्रुवारी १९४४ रोजी पश्चिम लंडनमधील पेरिव्हेल येथे झाला. शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेत पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण घेतले. परंतु ओढ होती ती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूज संगीताची. वयाच्या सोळाव्या वर्षी अकॅडमी सोडून ते व्यावसायिक वादक झाले आणि १९६२ मध्ये सिरिल डेव्हिस यांच्या रिदम अँड ब्लूज ऑल स्टार्स या वृंदात दाखल झाले.

पुढच्याच वर्षी आतड्यांच्या दुर्धर विकाराने त्यांना गाठले. क्रोन्स या नावाने ओळखला जाणारा हा विकार अखेरपर्यंत त्यांची पाठ सोडणार नव्हता. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. सुमारे १९ महिने ते रुग्णालयात होते. त्याच काळात, जानेवारी १९६४ मध्ये, डेव्हिस यांचे निधन झाले. रुग्णालयातून परतलेल्या हॉपकिन्स यांना गावोगावचे दौरे झेपणारे नव्हते. घराजवळच्या स्टुडिओतील काम तेवढे शक्य होते. त्यांची पुढील कारकीर्द आवडीपेक्षा या विवशतेतूनच घडली, असे म्हणावे लागेल.

मग मात्र लंडनमधील जवळजवळ प्रत्येक नामवंत वृंदाला त्यांची गरज भासू लागली. ‘द हू’ आणि ‘द किंक्स’ यांच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांनी वादन केले. किंक्सने तर १९६६ मध्ये ‘सेशन मॅन’ या नावाचे गीतच प्रसिद्ध केले, आणि त्यातही वादन हॉपकिन्स यांचेच! बीटल्सच्या १९६८ मधील ‘रिव्हॉल्यूशन’ या एकल ध्वनिमुद्रिकेतील इलेक्ट्रिक पियानो त्यांचा. जॉन लेनन यांच्या १९७१ मधील ‘जेलस गाय’ या गीतातील हळवा पियानोही त्यांचाच. अभिजात संगीतातील बोटांची सफाई आणि ब्लूजचा ठसका एकाच हातात असणे दुर्मीळ होते. गायकाच्या स्वरांमधील मोकळ्या जागा ते नेमक्या भरत, त्यावर आक्रमण करीत नसत.

या कामात मिळकतीचे गणित मात्र वादकाच्या बाजूचे नव्हते. गीताचे स्वामित्वधन गीतकार व संगीतकारांकडे जाई. गीताची ओळख ठरलेली सुरावट वाजवणाऱ्यास सामान्यतः त्या दिवसाचे मानधन मिळे. एकल ध्वनिमुद्रिकांवर साथीदारांची नावे छापण्याचा प्रघातही नव्हता.

प्रकृती साथ देई तेव्हा ते रंगमंचावरही येत. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात जेफरसन एअरप्लेन या वृंदासोबत ते होते. १९७२ च्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्ससोबत. १९७३ मध्ये ‘द टिन मॅन वॉज अ ड्रीमर’ हा त्यांचा स्वतःचा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. इतरांना मिळालेले यश त्याला लाभले नाही.

६ सप्टेंबर १९९४ रोजी अमेरिकेतील नॅशव्हिल येथे, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हॉपकिन्स यांचे निधन झाले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २०२५ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ३१ वर्षांनी झाला. रोलिंग स्टोन्सला तेथे १९८९ मध्येच स्थान मिळाले होते.