लोखंडे यांची पाचवी मागणी

राजधानीतील सरकारी कार्यालयांत आजारपणाची रजा हा नियमावलीतील एक साधा प्रकार मानला जातो. वैद्यकीय दाखला जोडला की वेतन चालू राहते. त्याच कार्यालयाच्या नव्या इमारतीवर विटा वाहणाऱ्या रोजंदारीवरील मजुराची कमाई मात्र ताप चढलेल्या दिवशीच थांबते. अंथरुणावर पडलेल्या कामगाराचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न या देशात सर्वप्रथम संघटितपणे मांडणाऱ्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी आहे.

1848 साली जन्मलेल्या लोखंडे यांचे शिक्षण ठाण्यात झाले. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर ते मुंबईतील मांडवी गिरणीत भांडारपाल झाले. गिरणी कामगारांचे जिणे तेथे त्यांनी जवळून पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी ते घडले होते. 1880 साली 'दीनबंधु' या पत्राची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि कामगारांच्या गाऱ्हाण्यांना हक्काचे व्यासपीठ लाभले.

1884 च्या सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या. फॅक्टरी आयोगापुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या निवेदनावर सुमारे 5,500 कामगारांनी सह्या केल्या. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठरावीक तास आणि वेळेवर पगार या पहिल्या चार. पाचवी अधिक मूलगामी होती. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, असे तिचे स्वरूप होते.

पुढे 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही सभेत भाषण केले. 10 जून रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि 1891 च्या कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. पाचवी मागणी मात्र बाजूला पडली. याचे कारण उघड आहे. सुट्टीच्या दिवशी यंत्र थांबते आणि मजुरीही थांबवता येते. जखमी माणसाला वेतन द्यायचे तर त्याच्या देहाची जबाबदारी स्वीकारावी लागते. तोवर ती जबाबदारी कोकणातले व देशावरचे गावच वाहत होते. आजारी कामगार गावाकडे परतत असे आणि त्याच्या औषधपाण्याचा खर्च त्याची शेती सोशीत असे.

1896 साली मुंबईत प्लेग आला. लाखो लोक शहर सोडून गेले. लोखंडे रुग्णसेवेसाठी थांबले. 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा 1923 साली झाला, तोही पूर्ण वेतनाची हमी न देता. आजारपणातील वेतनाचा विचार दिल्लीत झाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना. प्रा. बी. पी. अदारकर यांनी 1944 साली आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा साकारला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. या योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते.

हे छत्र मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते आहे. वेतनाचीही मर्यादा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने असंघटित कामगारांसाठी योजना आखण्याची तरतूद केली. आजारी दिवसाच्या वेतनाचा थेट हक्क मात्र त्यांना दिलेला नाही. 2020 च्या टाळेबंदीत दिल्लीच्या सीमेवरून मजुरांचे लोंढे पायी गावाकडे निघाले, तेव्हा संकटकाळी त्यांचा भार आजही गावावरच पडतो हे साऱ्या देशाने पाहिले. साप्ताहिक सुट्टीचे श्रेय लोखंडे यांना आपण कृतज्ञतेने देतो. त्यांच्या पाचव्या मागणीची थकबाकी मात्र धोरणकर्त्यांच्या नावावर अजून शिल्लक आहे.