प्रसूतिशास्त्राचा ध्यास घेतलेल्या आनंदीबाई

भाईंदर, खास प्रतिनिधी - पायाकडून जन्मलेल्या मुलाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. त्याच्यावर वीज पडते, त्याचा पाय लागला की पाठीची उसण जाते, अशा समजुती अजूनही ऐकू येतात. आईच्या दृष्टीने मात्र पायाळू प्रसूती हा जीवघेणा प्रसंग असे. डोके शेवटी येते. ते अडकून नाळ दाबली गेली, तर काही मिनिटांत बाळ दगावू शकते. आज मीरा-भाईंदरमध्ये सोनोग्राफीने बाळाची स्थिती आधीच कळते. एकोणिसाव्या शतकात याच ठाणे परिसरातील बाळंतिणीचा भरवसा सुईणीवरच असे. त्या काळात प्रसूतिशास्त्राचा ध्यास घेतला तो आनंदीबाई जोशी यांनी.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई कल्याणच्या जोशी घराण्यातील. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. या आघातानंतर डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला. पुरुष डॉक्टरांपुढे संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, ही त्यांची भूमिका होती.

१८८३ साली त्या कोलकात्याहून अमेरिकेस निघाल्या. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी संपादन केली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. या प्राचीन परंपरेतील सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाची, म्हणजे मूढगर्भाची, सविस्तर चर्चा आहे. दोन्ही पाय आल्यास बाळ सरळ ओढावे, एकच आल्यास दुसरा मोकळा करावा, कुल्ले आल्यास ते वर सारून पाय खाली आणावेत, असे त्यात सांगितले आहे. एवढे ज्ञान असलेल्या देशात बाळंतिणी उपचाराविना मरत होत्या, हा विरोधाभास बोचणारा होता.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. परंतु क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाईंना ती सांभाळणे जमले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पोकीप्सी येथे विसावल्या आहेत.

पूर्ण दिवसांच्या शंभर गर्भांपैकी तीन-चार आजही उलटे असतात. पोटावरून हाताने बाळ फिरवणे, सिझेरियन किंवा निष्णात हातांखाली नैसर्गिक प्रसूती, असे मार्ग आज उपलब्ध आहेत. मात्र त्यासाठी वेळीच तपासणी हवी. आनंदीबाईंना आपल्या भगिनींसाठी हवे होते ते हेच.