मागासाठी उंचावलेलं छत

फर्स्ट इयरला सी प्रोग्रॅमिंगच्या लेक्चरला सरांनी पंच कार्डांचा उल्लेख केला, तेव्हा अख्ख्या वर्गात एकटा मी हसलो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या मी लहानपणीच पाहिल्या होत्या. सोलापुरात, आजोबांच्या मागावर. आमच्या घरात मागाच्या खोलीचे पत्रे तेवढे उंच. आम्ही पोरं शेजारच्या बुटक्या खोलीत झोपायचो. असं का, ते जोसेफ मारी जॅकार्डबद्दल वाचल्यावर कळलं.

हा १७५२ साली फ्रान्समधल्या लिऑं शहरात जन्मला. बाप विणकर. तेव्हा नक्षीचं रेशीम विणायचं तर विणकराच्या जोडीला दोऱ्या ओढणारा एक जण लागायचा, बऱ्याचदा लहान पोर. दिवसभर नुसतं ओढायचं! बूशॉं, फाल्कन, व्होकांसॉं यांनी आधी खटपट केली होती; १८०४ च्या सुमारास जॅकार्डने त्यातूनच नीट चालणारं यंत्र उभं केलं. भोक असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली. पट्ट्या बदला, माग तोच, नक्षी नवी. सॉफ्टवेअर म्हणजे दुसरं काय असतं हो?

पण हे यंत्र बसायचं मागाच्या डोक्यावर. जुन्या लिऑंच्या घरांत ते मावेना. मग क्रॉ-रूस टेकडीवर नवी घरं उठली, छत जवळजवळ चार मीटर, खिडक्या मोठाल्या. माग खाली आणि बिऱ्हाड झोपायला लाकडी पोटमाळ्यावर. म्हणजे जागा आधी यंत्राची, उरली ती माणसांची. ती घरं आजही उभी आहेत.

दोऱ्या ओढणाऱ्यांचं काम गेलं, विणकरांचा राग जॅकार्डवर निघाला. (१८३१ चा त्यांचा प्रसिद्ध उठाव मात्र मजुरीच्या दरासाठी होता, यंत्राविरुद्ध नव्हे. यात आपण हमखास गल्लत करतो.) नेपोलियनच्या राजवटीत त्याला पेन्शन मिळाली. १८३४ मध्ये तो वारला. पुढे १८३९ मध्ये त्याचंच चित्र रेशमात विणलं, सुमारे २४,००० पट्ट्या लावून. त्याची एक प्रत बॅबेजकडे होती. ॲनालिटिकल इंजिनाला पंच कार्डं कुठून सुचली, ते व्हायवाला विचारलं तर आता सांगता येईल.

आजोबा गेले, माग विकला. पट्ट्यांचे गठ्ठे आईने बंबात घातले. त्या खोलीत आता पोटमाळा काढून भाडेकरू ठेवलाय. एक पट्टी मी वाचवली, ती होस्टेलच्या खोलीत टेबलावर टांगली आहे.