हवेची वाट

गेल्या नाताळच्या सुट्टीत माझ्या चुलतभावाने मोटरसायकलच्या हेडमधला इनटेक पोर्ट घासून मोठा करून घेतला. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, असा त्याचा सरळ हिशेब. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळायला लागली खरी, पण चढावर तिला धाप लागू लागली. पप्पा इथे बेळगावात, उद्यमबागेत लेथवर काम करतात. त्यांनी समजावलं की पोर्ट गरजेपेक्षा मोठा झाला की हवेचा वेग पडतो, आणि कमी आरपीएमला पेट्रोल हवेत नीट मिसळत नाही. लहान ठेवला तर जास्त आरपीएमला इंजिन गुदमरतं. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, पण हे डोक्यातून जाईना. त्याच्या मागे लागता लागता सर स्टॅन्ली हुकर भेटले. म्हणून या अंकात कवीऐवजी त्यांच्यावर लिहितेय.

हुकर यांचा जन्म 30 सप्टेंबर 1907 चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात शीअरनेसचा. शिकले गणित, त्यातही वाहत्या द्रवांचं आणि वायूंचं. 1935 मध्ये ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळाली. जानेवारी 1938 मध्ये ते डर्बीला रोल्स-रॉइसच्या कारखान्यात रुजू झाले, तेव्हा त्यांना इंजिनातलं फारसं काही कळत नव्हतं. कारखान्याचे प्रमुख अर्नेस्ट हाइव्हज यांनी तसं तोंडावर सुनावलंही. ते वाक्य हुकर विसरले नाहीत. म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याचं नावच ‘नॉट मच ऑफ अ‍ॅन इंजिनियर’ ठेवलं.

सुरुवातीला त्यांना ठरावीक काम नव्हतं. फिरत फिरत ते सुपरचार्जरच्या चाचण्यांपाशी पोचले. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरणारा, सिलिंडरमध्ये हवा कोंबणारा पंखा. विमानाला तो का लागतो? एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 15 किलो हवा लागते. मर्लिन हे 12 सिलिंडरचं, 27 लिटरचं इंजिन. 3000 आरपीएमला ते, सुपरचार्जर धरलाच नाही तरी, मिनिटाला 40 हजार लिटर हवा ओढणार. पण 18 हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं हो, हवा कुठून आणायची?

हुकर यांनी चाचण्यांचे आकडे घेतले आणि गणित मांडलं. सुपरचार्जर इंजिनाच्या मागच्या बाजूला होता. तिथे जागा कमी, म्हणून पंख्याकडे हवा नेणारी नळी दाबून-दुमडून बसवलेली. हवा पंख्यापाशी पोचायच्या आधीच अडखळत होती. ती जागेची सोय होती. हवेच्या बाजूने तिचा कुणी विचारच केला नव्हता. त्यांनी नळी नव्याने आखली, पंखा आणि त्याभोवतालचा डिफ्यूजर सुधारला. 16 हजार फुटांवर मिळणारी पुरी ताकद आता 19 हजारांच्या वर मिळू लागली. इंजिन तेवढंच, 27 लिटरचं.

पुढे त्यांनी एकापाठोपाठ दोन पंखे बसवले आणि दाबून तापलेली हवा मध्ये थंड केली. 1942 मध्ये हे इंजिन घेऊन स्पिटफायर 9 जर्मन फोक-वुल्फ 190 समोर उभं राहिलं. मर्लिनवरच लँकेस्टर बॉम्बरही उडाले आणि जर्मन शहरं जळाली, हेही लिहायला हवं. ते वाचताना मी थोडी थांबले.

युद्धानंतर हाइव्हज यांच्याशी बिनसलं. 1949 मध्ये हुकर ब्रिस्टलच्या कंपनीत गेले. तिथलं प्रोटियस इंजिन त्यांनी आखलेलं नव्हतं, पण निस्तरायचं त्यांनाच होतं. त्यात आत येणारी हवा उलटी वळून जाई आणि त्या वळणावर बर्फ धरे. ढगांत इंजिन विझायचं. म्हणजे पुन्हा वळणच! शेवटी आत सतत तापलेले ग्लो प्लग बसवून विझलेली आग पुन्हा पेटेल अशी सोय केली. ब्रिस्टलच्याच ऑर्फियस इंजिनावर आपली नॅट आणि मारुत विमानं उडाली, बेंगळुरूच्या एचएएलमध्ये बनलेली.

फेब्रुवारी 1971 मध्ये रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं. आरबी 211 हे नवं इंजिन कबूल केलेली ताकद देत नव्हतं. निवृत्त हुकर, वय 63, परत डर्बीला आले. जुन्या सहकाऱ्यांना हाक मारली आणि इंजिन मार्गी लावलं. 1974 मध्ये ‘सर’ झाले. 24 मे 1984 रोजी वारले, आत्मचरित्र आलं त्याच वर्षी.

साहित्य शिकून पुढे काय, हे मला घरीदारी विचारतात. हुकर हे त्याचं उत्तर नाही. त्यांच्याकडे पक्कं गणित होतं, माझ्याकडे ते नाही. पण ज्याला इंजिन कळत नाही असं सगळे म्हणत होते, त्यानेच हवा कुठे अडते ते विचारलं, एवढं मला पुरतं. हे सगळं पप्पांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चुलतभावासाठी जुन्या मापाचं हेड शोधायला गेले, आणि जाताना मला म्हणाले, तूही चल.