मॅट्रिकला ७५० पैकी २८२ मार्क मिळवणाऱ्या बाबासाहेबांचं इंग्रजी नेमकं घडलं कसं?

वरळीच्या बीडीडी चाळी म्हणजे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या १२१ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, मधून जाणारा पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामायिक संडास. आता तिथं टॉवर उभे राहतायत. पण गिरणी कामगारांच्या, पोलिसांच्या, सफाई कामगारांच्या कित्येक पिढ्या याच खोल्यांत वाढल्या, शिकल्या.

अशा घरातून स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना गणिताची भीती वाटत नाही, इतिहासाची तर नाहीच नाही. गाडी अडते ती इंग्रजीवर. कुठं आर्टिकल चुकतं, कुठं काळ चुकतो, वाक्य सरळ सुरू होतं आणि मध्येच वाकडं होतं. मग मनात एक गोष्ट पक्की बसते, की इंग्रजी ही कॉन्व्हेंटवाल्यांची भाषा, आपलं काम नाही.

या चाळींमध्ये १४ एप्रिलला ज्यांची जयंती धूमधडाक्यात होते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट हा समज मोडून काढणारी आहे. कारण बाबासाहेबांचं इंग्रजीसुद्धा एका खोलीच्या घरातच घडलं होतं.

विषय सुरू होतो त्यांच्या वडिलांपासून.

रामजी मालोजी सकपाळ हे ब्रिटिशांच्या लष्करात सुभेदार होते. लष्करी शाळेत १४ वर्षं ते हेडमास्तर होते. म्हणजे शिकवणं हाच त्यांचा पेशा. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत त्यांचं चौदावं अपत्य जन्माला आलं, ते म्हणजे भीमराव. पुढं रामजींचं कुटुंब दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आलं. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीला दाखल झालं. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

शाळेत बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागायचा. वर्गात इतर मुलांपासून लांब बसायचं. पाणीसुद्धा हातानं घ्यायची परवानगी नव्हती.

पण घरी मात्र एक दुसरी शाळा भरत होती.

रामजींनी मुलाकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या. एक म्हणजे हॉवर्ड साहेबांची इंग्रजी पुस्तकं आणि दुसरी म्हणजे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग. तर्खडकरांची ही पुस्तकं महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी वापरली. पद्धत साधी होती. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. इंग्रजी वाक्य घ्यायचं आणि त्याचं मराठी करायचं. सोप्यापासून सुरुवात आणि हळूहळू अवघडाकडे.

रामजी एवढ्यावर थांबत नसत. इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका कुठला शब्द बसतो, कुठला प्रयोग कुठं शोभतो, हे ते मुलाला शोधायला लावत. सोबत मोरोपंत, मुक्तेश्वर, तुकाराम यांचं वाचनही होतंच. इंग्रजी शिकायची म्हणून मराठी सोडा, असा मामला त्या घरात नव्हता.

आता ही पद्धत एवढी कामाची का, ते बघूया.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच मागं येतं, हे सगळ्यांना माहिती असतं. खरी गोची पुढं आहे. आपण म्हणतो, मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. मराठीत क्रियापद इथं कर्माप्रमाणं बदललं. इंग्रजीत आंबा असो की पोळी, आय एट हेच राहतं. आर्टिकल नावाचा प्रकार तर मराठीत नाहीच, त्यामुळं अ, ॲन, द कुठं लावायचं हे कान सांगत नाही.

दुसरं उदाहरण परीक्षेत हमखास येणारं. मी तीन वर्षांपासून इथं राहतो, या वाक्याचं आपण पटकन इंग्रजी करतो, आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स. शब्द सगळे बरोबर आणि वाक्य चूक. मराठीत साधा वर्तमानकाळ चालून जातो आणि पासून हा एकच शब्द दोन कामं करतो. इंग्रजीत मात्र तीन वर्षं हा कालावधी असेल तर फॉर लागतं, २०२२ सालासारखा सुरुवातीचा बिंदू असेल तर सिन्स लागतं आणि क्रियापद हॅव बीन लिव्हिंग असं होतं.

म्हणजे चूक होते ती इंग्रजी येत नाही म्हणून नाही, तर आपण मराठी वाक्याचा सांगाडा तसाच उचलून इंग्रजीत ठेवतो म्हणून. दोन्हीकडून भाषांतर करत राहिलं की दोन सांगाड्यांमधला फरक हाताला कळायला लागतो. रामजी मुलाला नेमकं तेच शिकवत होते.

पुढं हे कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत राहू लागलं. खोली एकच. त्यात स्वयंपाक, त्यातच झोपणं आणि त्यातच अभ्यास. यावर रामजींनी तोडगा काढला. मुलगा संध्याकाळी लवकर झोपायचा. रामजी रात्री दोनपर्यंत जागायचे, मुलाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. सगळी चाळ झोपलेली असताना तेलाच्या दिव्यावर भीमरावांचा अभ्यास चालायचा.

मुलाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले, तर रामजी लग्न झालेल्या मुलींकडं जायचे. त्यांच्याकडून उसने पैसे किंवा एखादा दागिना घ्यायचे, दागिना गहाण टाकायचे आणि पुस्तक घरी यायचं.

१९०७ ला एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले. मार्क पडले ७५० पैकी २८२. टक्क्यात सांगायचं तर ३७.६.

आजच्या हिशेबानं हा आकडा स्टेटसला ठेवण्यासारखा नाही. पण ज्या समाजाला शाळेच्या उंबऱ्यावर अडवलं जात होतं, त्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरली. सी. के. बोले अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढं केळूसकरांच्याच प्रयत्नातून सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचं शिक्षण पार पडलं.

२ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. मुलाचं पुढचं यश बघायला घरचा मास्तर उरला नव्हता.

कोलंबियातून एमए, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. तिथं १९२२ ला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा डीएससीचा प्रबंध सादर केला आणि तो परत आला. ब्रिटिशांच्या चलन धोरणावरची त्यातली टीका परीक्षकांना झोंबली होती. प्रबंध नव्यानं लिहून आणायला सांगण्यात आलं.

बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला. भाषा बदलली, निष्कर्ष तेच ठेवले. १९२३ ला पदवी मिळाली आणि तोच प्रबंध पुस्तक म्हणून लंडनमध्ये छापून आला. पहिल्या फटक्यात लिहिलेलं वाक्य शेवटचं नसतं, हा धडा इथं मिळतो.

पण दर वेळी भाषा बदलायची नसते, याचाही एक किस्सा आहे.

१९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. इंग्रजीत लिहिलेलं भाषण वाचून आयोजकांना घाम फुटला. काही भाग गाळा, अशी विनंती आली. बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं. ॲनिहिलेशन ऑफ कास्ट ते हेच. परीक्षकांसाठी शब्द बदलणारा हाच माणूस इथं विरामचिन्हावर अडून बसला, कारण इथं मागणी भाषेची नव्हती, विचारच गाळण्याची होती.

कुठली भाषा कुणासाठी, याचं त्यांचं गणितही पक्कं होतं. साउथबरो समिती, सायमन कमिशन, गोलमेज परिषद इथं ते इंग्रजीत मांडणी करत, कारण निर्णय घेणारे इंग्रजीत वाचत होते. पण १९२० चं मूकनायक आणि १९२७ चं बहिष्कृत भारत ही वृत्तपत्रं मराठीत निघाली, कारण ती आपल्या माणसांसाठी होती.

आणि या सगळ्या काळातला त्यांचा पत्ता कुठला होता माहितीये? १९१२ ते १९३४ पर्यंत त्यांचं घर होतं परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. वरळीच्या बीडीडी चाळींपासून काही किलोमीटरवर. दादरचं राजगृह त्यानंतरचं.

२९ ऑगस्ट १९४७ ला घटना समितीची मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. आता व्याकरणाला कायद्याचं वजन आलं.

शॅल आणि मे हे दोन शब्द परीक्षेत एका मार्काचा प्रश्न असतात. राज्यघटनेत त्यांच्यावर नागरिकाचा हक्क उभा असतो. कलम १५ मध्ये राज्यानं धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून भेदभाव करायचा नाही, हे सांगताना शॅल नॉट वापरलंय. म्हणजे सक्त मनाई. आणि कलम १७ चं पहिलं विधान तर अवघ्या तीन इंग्रजी शब्दांचं आहे. अस्पृश्यता हा कर्ता, पुढं कर्मणी प्रयोगातलं क्रियापद आणि विषय संपला. ज्यानं शाळेत गोणपाटावर बसून दिवस काढले, त्याच्या अध्यक्षतेखाली हे वाक्य मसुद्यात बसलं.

अर्थात हे काम एकट्याचं नव्हतं. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा लेखनात तरबेज असलेले एस. एन. मुखर्जी यांचं श्रेय बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जाहीरपणे मान्य केलं. पण सभागृहात मसुद्याची बाजू मांडत उभे होते ते बाबासाहेबच. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेक कलम, एकेक शब्द यावर चर्चा झाली.

म्हणून जी मुलं आज वाक्यरचनेला घाबरतात, त्यांनी रामजींचा क्लास घरी लावून बघायला हरकत नाही. रोज मराठीतली दहा वाक्यं घ्यायची आणि त्यांचं इंग्रजी करायचं. दुसऱ्या दिवशी मूळ वाक्यं झाकून त्याच इंग्रजीचं पुन्हा मराठी करायचं. जिथं मूळ वाक्य आणि आपलं वाक्य जुळत नाही, तिथंच आपली चूक लपलेली असते. ती वहीत लिहायची. याला फी लागत नाही, वेगळी खोली लागत नाही.

स्वतः बाबासाहेबांनी वाक्यं तपासणं शेवटपर्यंत सोडलं नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत, तब्येत पार ढासळलेली असताना, त्यांनी आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाची टाइप केलेली प्रस्तावना टेबलावर मागवून घेतली. त्यावरून हात फिरवायचा राहिला होता. ६ डिसेंबरच्या सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ पुढच्या वर्षी छापून आला.